झोळीच्या खाली

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी बोईसरला भाचीकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर तिचा मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. वय एकोणीस, डिप्लोमाला आहे, आणि रविवार आला की मित्रांबरोबर कुठल्या ना कुठल्या गडावर. कधी मनोरजवळचा अशेरी, कधी वाघोबा खिंडीतून काळदुर्ग, कधी वाड्याकडचा कोहोज. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, ‘‘नाना, मला हॅमक घ्यायचाय. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, बारा महिने चालला पाहिजे. यातला कुठला घेऊ?’’

हॅमक म्हणजे दोन झाडांच्या मध्ये टांगायची, झोपण्याची झोळी. मोबाइलवर रंगीबेरंगी कापडांची चित्रं होती. एकाखाली लिहिलेलं, दोनशे किलो वजन पेलतो. दुसऱ्याखाली, मुठीत मावतो. मी म्हटलं, ‘‘बाबा रे, मी कविता लिहिणारा माणूस. पालघरच्या दांडेकर महाविद्यालयातून मराठी घेऊन बी.ए. झालो. मला यातलं काय कळणार?’’ तेवढ्यात स्वयंपाकघरातून भाचीचा आवाज आला, ‘‘मामूंनाच विचार. झोळी कशी बांधू नये, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.’’ बाहेर येऊन तिने हसत हसत आपल्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं. तिथे अर्ध्या इंचाची एक पांढरी रेघ आहे. त्या रेघेवर केस उगवत नाहीत.

त्या रेघेची गोष्ट पुढे येईलच. आधी मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. त्या रात्री मी त्याला उत्तर दिलं नाही. घरी परतल्यावर मात्र पुस्तकं काढून बसलो. मनात आलं, माणसं अशी अधांतरी झोपायला लागली कधीपासून? ज्यांनी ही झोळी बारा महिने वापरली, त्यांनी ती कशी पारखली असेल?

‘हॅमक’ हा शब्द इंग्रजी वाटला तरी मूळचा इंग्रजांचा नाही. कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा तो ‘हमाका’. ऑक्टोबर १४९२ मध्ये कोलंबस बहामा बेटांवर पोचला, तेव्हा तिथल्या घरांतली अंथरुणं सुती जाळ्यांसारखी असल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत झाली. स्पॅनिश लोकांनी शब्द उचलला, वस्तूही उचलली. डच लोकांच्या तोंडी ‘हमाका’चं ‘हांगमाट’ झालं, म्हणजे लोंबती चटई. जणू तो त्यांचाच शब्द होता! ज्यांनी हा शब्द जगाला दिला त्या ताईनो लोकांचं काय झालं? नवे रोग, सक्तमजुरी आणि कत्तली यांनी पुढच्या पन्नास-साठ वर्षांत तो समाज जवळजवळ संपला. मागे राहिले काही शब्द. हॅमक, कॅनू, हरिकेन, बार्बेक्यू. आज सहलीला जाणारा माणूस हे शब्द मजेत वापरतो.

दुसरी नोंद आपल्या किनाऱ्याच्या जवळची आहे. मार्च १५०० मध्ये काब्राल नावाच्या पोर्तुगीज सरदाराचं तेरा जहाजांचं आरमार लिस्बनहून हिंदुस्थानाकडे निघालं. वाटेत एप्रिलमध्ये ते ब्राझीलच्या किनाऱ्याला लागलं. आरमाराबरोबर पेरो वाझ द कामिन्हा नावाचा एक लेखनिक होता. त्याने १ मे १५०० रोजी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून तिथे काय काय पाहिलं ते कळवलं. तिथल्या लोकांच्या घरांचं वर्णन त्यात आहे. आत खांब असतात, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत उंचावर जाळं बांधलेलं असतं, त्यात माणसं झोपतात आणि ऊब मिळावी म्हणून खाली विस्तव पेटवतात. कामिन्हाकडे या वस्तूसाठी शब्द नव्हता. त्याने आपल्या भाषेतला ‘रेडे’ हा शब्द वापरला. रेडे म्हणजे मासे पकडायचं जाळं. पोर्तुगीज भाषेत आजही मासेमारीचं जाळं आणि झोपायची झोळी यांना एकच शब्द चालतो. काब्रालचं आरमार पुढे कालिकतला पोचलं. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे झालेल्या दंग्यात कामिन्हा मारला गेला असं मानतात.

त्याच्या पाठोपाठ आलेले पोर्तुगीज १५३४ मध्ये वसईचे धनी झाले. वसई, माहीम, तारापूर, डहाणू हा सगळा किनारा दोनशे वर्षं त्यांच्याकडे होता. अशेरी गडावर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड आजही पाहायला मिळतो. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी तारापूरचा किल्ला घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव पडले, आणि मे महिन्यात वसई मराठ्यांच्या हाती आली. तारापूरच्या किल्ल्याची भिंत पाहत मी लहानाचा मोठा झालो. लढाईचा धडा शाळेत होता. जाळ्याला आणि अंथरुणाला एकच शब्द वापरणाऱ्या माणसांची ही भिंत आहे, हे मात्र पन्नाशी उलटल्यावर कळलं.

कामिन्हाने पाहिलेला खालचा विस्तव आणखी एका लेखकाने नोंदवला आहे. ओव्हिएदो नावाचा स्पॅनिश इतिहासकार १५२६ च्या आपल्या ग्रंथात हमाकांचं कौतुक करतो. ही अंथरुणं चांगली आणि स्वच्छ असतात, देश उबदार असल्यामुळे अंगावर पांघरूण लागत नाही, असं तो सांगतो. पुढे म्हणतो, डोंगरात थंडी असली किंवा माणूस भिजून आला, की झोळीखाली निखारे ठेवतात. दोन वेगळे लेखक, दोन वेगळे देश, पण विस्तव दोघांनाही झोळीच्या खालीच दिसला. हे निखारे लक्षात ठेवा. नातवाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांच्यात आहे.

पुढे झोळी समुद्रावर गेली. १५९७ च्या सुमारास इंग्रजांच्या आरमाराने खलाशांसाठी अशा टांगत्या बिछान्यांना मंजुरी दिली. त्याआधी खलाशी ओल्या फळ्यांवर झोपत, आणि जहाज कललं की गडगडत जात. झोळी मात्र जहाजाबरोबर झुलते आणि स्वतः सरळ राहते. इंग्रजी युद्धनौकांवर एका खलाशाला झोळीसाठी १४ इंच रुंदीची जागा मिळे. सकाळी झोळ्या गुंडाळून जहाजाच्या कडेला रचत, म्हणजे लढाईत गोळ्यांपुढे तेवढाच आडोसा. खलाशी समुद्रावर मेला तर त्याला त्याच्याच झोळीत शिवून, पायाशी वजन ठेवून पाण्यात सोडत.

हे सगळं वाचताना एक विचार सारखा येत होता. आपल्याकडे झोळी कुणी परदेशातून आणली नाही. दोला, डोली, हिंदोळा, पाळणा, झोपाळा, झोळी असे किती तरी शब्द आपल्या भाषेत आधीपासूनच आहेत. मलबार किनाऱ्यावर दांड्याला लटकवलेल्या झोळीतून श्रीमंत माणसं प्रवास करत. ‘मंचील’ असं तिचं नाव इंग्रजांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात आहे. गोव्यातल्या जमीनदारांच्या घरची ‘माचील’ तिच्याच कुळातली. डोलीत बसणाऱ्यांची नावं बखरीत आली, कागदपत्रांत आली. दांड्याखाली खांदा देणाऱ्यांची आली नाहीत. आपल्या डहाणू-तलासरी भागातल्या वारली माणसांनी जमीनदारांची आणि साहेबांची ओझी वेठीने किती वर्षं वाहिली! १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी गावी परिषद भरली आणि ‘वेठ करणार नाही’ असं ती माणसं उघड म्हणाली, तेव्हा कुठे हे खांदे इतिहासात दिसले.

आता आमच्या भागातल्या झोळ्यांकडे येऊ. आज पालघर वेगळा जिल्हा आहे, १ ऑगस्ट २०१४ पासून. माझ्या लहानपणी तो ठाणे जिल्हाच होता. तेव्हापासून मी इथे तीन प्रकारच्या झोळ्या पाहत आलो आहे.

पहिली तान्ह्या मुलाची. दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची आदिवासी कुटुंबं वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांकडे निघतात. भट्टीवर आई चिखल तुडवते, आणि जवळच्या झाडाला, झाड नसेल तर तीन बांबूंच्या तिकाटण्याला, जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली असते. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत उत्तरेतून, ओडिशातून आलेल्या कामगारांच्या दहा बाय दहाच्या खोल्या आहेत. तिथेही छताच्या हुकाला साडीची झोळी दिसते. जमिनीवर जागा नाही, जमीन ओली आहे, जमिनीवर विंचूकिरडू आहे. मग मूल ठेवायचं कुठे? वर.

दुसरी झोळी कोळ्यांची. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी या गावांत जुनं जाळं सहसा टाकून देत नाहीत. त्याने कुंपण बांधतात, वेल चढवतात, आणि पडवीत दोन खांबांना टांगून दुपारी त्यात झोपतात. कामिन्हाचा ‘रेडे’ इथे येऊन पाहावा! माझा एक कोळी मित्र पहाटे बोंबील उतरवून आला की जाळ्यात आडवा होई. तो जाळ्यात कधी सरळ झोपला नाही. डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या कडेला, असा तिरका. मी विचारलं तर म्हणाला, ‘‘सरळ झोपलास तर केळ्यासारखा वाकशील. तिरका झोप, पाठ सपाट राहील.’’ आज परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हीच सूचना चित्र काढून दिलेली असते.

तिसरी झोळी आजाऱ्याची. तिच्याकडे शेवटी येतो.

भुवईची गोष्ट या दुसऱ्या झोळीची आहे. साल १९८७. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आपा, म्हणजे माझी मोठी बहीण, दीड वर्षाच्या मुलीला घेऊन तारापूरला माहेरपणाला आली होती. माझी अम्मी नातीसाठी रोज सुती लुगड्याची झोळी बांधायची. बांधून झाली की मुलीला लगेच आत ठेवत नसे. आधी वरवंटा ठेवायची, दोनतीन झोके द्यायची, वर आढ्याकडे पाहायची आणि मग मुलीला आत घालायची. शेजारी बारसं असलं की पाळण्यात वरवंटा घालून फिरवताना मी पाहिला होता. लोक त्याला प्रथा म्हणतात. मला आज वाटतं, त्या प्रथेत दोरीची परीक्षा लपलेली आहे.

मला मात्र अम्मीची लुगड्याची झोळी गावठी वाटे. मित्राकडून मी नायलॉनचं जाळं आणलं, अंगणात दोन वर्षं पडून असलेली निळी नायलॉनची दोरी घेतली आणि पडवीच्या लोखंडी कड्यांना झोळी बांधली. तीही कशी? पलंगासारखी सपाट दिसावी म्हणून जोर लावून, ताणून. कापड मजबूत, दोरी जाड, मग चिंता कसली? भाचीला मांडीवर घेऊन मी ऐटीत आत बसलो. तिसऱ्या झोक्याला दोरी तुटली. आम्ही दोनच फूट खाली आलो, पण तिथे पाटा होता. मी पाठीवर पडलो आणि पोरगी तोंडावर. भुवईला तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, ‘‘अर्धा इंच खाली लागलं असतं तर डोळा गेला असता.’’ आपा मला एक शब्द बोलली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर मी कधी झोळी बांधली नाही.

कुठे चुकलो होतो, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. दोन चुका होत्या. पहिली दोरीची. नायलॉन उन्हात पडून राहिलं की वरून धडधाकट दिसतं आणि आतून कुजतं. शिवाय लोखंडी कड्याला घासून ती दोरी एका जागी फुसफुशीत झाली होती. दुसरी चूक ताणाची. नातवाने मला ती गणिताने समजावली. झोळीची दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करील इतकी सैल असली, तर ७० किलोच्या माणसाचा प्रत्येक टोकाला ताण ७० किलोच पडतो. तीच दोरी ओढून १० अंशांवर आणली की एका टोकाचा ताण २०० किलोंवर जातो, आणि ५ अंशांवर आणली तर ४०० किलोंवर. माणूस तेवढाच, झोळीही तीच. अम्मीची झोळी खोल पोट सोडून लोंबायची. तिला कोन ठाऊक नव्हता, पण पोट किती सोडायचं ते ठाऊक होतं.

म्हणून नातवाला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की कापडाच्या रंगावर जाऊ नकोस. त्याच्या उंचीच्या माणसाला दहा-अकरा फूट लांबीची झोळी हवी, म्हणजे तिरकं झोपता येतं. आखूड झोळी स्वस्त पडते, पण पाठ मोडते. बांधायला दोरी नको, निदान एक इंच रुंदीचा पॉलिएस्टरचा पट्टा हवा. नायलॉनचा पट्टा ओला झाला की ताणतो, आणि रात्री अडीच वाजता माणसाची पाठ जमिनीला टेकते. रुंद पट्ट्याने झाडाची सालही कापली जात नाही. सालीच्या खालूनच झाडाचं अन्न फिरतं. आपण एक रात्र झोपायचं आणि झाडाने वर्षभर सोसायचं, हे बरं नाही.

इथे आमच्या तारापूर औद्योगिक वसाहतीची एक गोष्ट सांगायला हवी. मुलाचा एक मित्र म्हणाला, ‘‘हॅमकबरोबरचे पट्टे कशाला विकत घेता? भंगारवाल्याकडे ट्रकचा माल बांधायचे पट्टे ढिगाने मिळतात.’’ पट्टे मजबूत असतात, हे खरं. पण आमच्याकडे रंगांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत. त्या पट्ट्यावर कधी काय सांडलं होतं, हे कोण सांगणार? ॲसिडने नायलॉन कमजोर होतं आणि तीव्र क्षाराने पॉलिएस्टर. डाग धुतला जातो, कमजोरी धुतली जात नाही. मी त्याला म्हटलं, ‘‘कापडात दोनशे रुपये वाचव हवं तर, पट्ट्यात वाचवू नकोस.’’

दुसरी गोष्ट झाडाची. झाड जिवंत हवं, बुंधा मांडीहून जाड हवा, दोन झाडांत बारा ते पंधरा फूट अंतर हवं. शेवगा ठिसूळ, त्याला बांधू नये. नारळाच्या बागेत चित्र सुंदर दिसतं, पण नारळ डोक्यावर कधी पडेल ते सांगून पडत नाही. आंबा, साग, ऐन चांगले. बांधण्याआधी मान वर करून पाहावं, सुकलेली फांदी लटकत नाही ना. खोडावर लाल मुंग्यांची रांग असेल तर दुसरं झाड शोधावं. बसल्यावर झोळी जमिनीपासून दीड फुटाहून उंच नसावी. दीड फूट म्हणजे पडलं तरी हाड शाबूत. आणि खाली दगड नको, हे मी वेगळं सांगायला नको.

आता बारा महिन्यांचा प्रश्न. तीन ऋतूंची तीन उत्तरं आहेत.

उन्हाळा सोपा. एप्रिल-मेच्या उकाड्यात जाळीसारखी विरळ झोळी उत्तम. खालून वारा लागतो, घाम सुकतो. डासांची जाळी मात्र हवीच, आणि ती खालूनही बंद होणारी हवी, कारण पातळ कापडातून डास पाठीला चावतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने पॅसिफिकच्या जंगलांसाठी जी झोळी बनवली, तिला वर छप्पर आणि बाजूंना मच्छरदाणी शिवलेली होती. आजच्या बऱ्याच हॅमकांचं मूळ तिच्यात सापडतं.

पावसाळा कठीण. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही समुद्राच्या वाऱ्याबरोबर आडवा. त्यामुळे वरची ताडपत्री झोळीहून चांगली दोन-तीन फूट लांब हवी आणि कडा खाली ओढून बांधलेल्या हव्यात. शिवाय पावसाचं पाणी खोडावरून पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून थेट अंथरुणात येतं. त्याला उपाय एका सुतळीचा. ताडपत्रीच्या आत, झोळीच्या टोकाआधी पट्ट्याला सुतळीचा तुकडा बांधून लोंबता सोडावा. पाणी तिथून खाली गळून जातं. या दिवसांत झोळीचा खरा फायदा कळतो. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यालाच बहुधा चावते. चावलेलं अनेकदा कळतही नाही. आपल्या खेड्यांत दर पावसाळ्यात अशी माणसं जातात. शेताच्या राखणीला उंच माच का बांधतात, हे त्यावरून समजावं.

आणि हिवाळा फसवा. मुलगा म्हणाला होता, ‘‘थंडीचं काय नाना, अंगावर जाड पांघरूण घेतलं की झालं.’’ इथे ते निखारे आठवा. जमिनीवर झोपलं तर निदान खालून वारा लागत नाही. झोळीत पाठीखाली हवा खेळते, आणि अंगाखाली आलेलं पांघरूण वजनाने चेपून ऊब धरेनासं होतं. म्हणजे थंडी वरून कमी आणि खालून जास्त वाजते. कामिन्हाने आणि ओव्हिएदोने विस्तव खाली पाहिला तो याचसाठी. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, अम्मी झोळीच्या तळाला गोधडीची घडी घालायची, तेही याचसाठी. हल्ली झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला लटकवायची रजई मिळते. ती चेपली जात नाही, म्हणून तिची ऊब टिकते. ती महाग वाटली तर पाठीखाली फोमची चटई किंवा घोंगडी घालावी. खाली निखारे मात्र ठेवू नयेत. ती सुताची झोळी होती, ही नायलॉनची. ठिणगीने वितळते. आणि जंगलात मुक्काम करायचा तर वनखात्याला विचारूनच.

नातवाने सगळं ऐकलं. साधी, लांब, करड्या रंगाची झोळी घेतली. वाचलेल्या पैशांत चांगले पट्टे, ताडपत्री आणि एक फोमची चटई. डिसेंबरात मित्रांबरोबर तो जव्हारकडच्या डोंगरात दोन रात्री राहून आला. परत आल्यावर बोईसरहून थेट माझ्याकडे पालघरला आला. थंडी वाजली का, असं मी विचारलं. ‘‘नाही वाजली,’’ म्हणाला, आणि गप्प बसला. मग हळूहळू सांगू लागला.

परतताना ते एका पाड्यावर पाणी प्यायला थांबले होते. गाडीरस्ता तिथून तीनेक किलोमीटर लांब. एका म्हाताऱ्या बाबांनी त्याच्या पाठीवरची पिशवी पाहून विचारलं, यात काय आहे. मुलांनी उत्साहाने हॅमक काढून दोन आंब्यांना टांगून दाखवला. बाबांनी कापड चिमटीत धरून पाहिलं, पट्टा ओढून पाहिला आणि विचारलं, ‘‘किती वजन पेलतं?’’ ‘‘दीडशे किलो.’’ ‘‘मग बाईमाणूस न्यायला चालंल,’’ बाबा म्हणाले. मुलांना अर्थ कळेना. तेव्हा बाबांनी सांगितलं, अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं तर चादर बांबूला बांधतो, पावसात चादर भिजून जड होते, हे हलकं आहे. मग त्यांनीच टोकं तपासली आणि मान हलवली. बांबू घालायला त्यात सोय नव्हती, आणि कापड इतकं गुळगुळीत, की उतारावर बाई घसरली असती. त्यांनी झोळी नीट घडी करून परत दिली.

ही तिसरी झोळी. ती गोष्टीतली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या बाईची अशीच बातमी राज्यभर छापून आली होती. दिवसांआधी झालेली तिची जुळी बाळं दगावली, आणि तिला स्वतःला डोली करून चिखलातून सुमारे तीन किलोमीटर न्यावं लागलं. देशातल्या पहिल्या अणुवीज केंद्राने १९६९ मध्ये तारापूरला काम सुरू केलं, तोच हा जिल्हा. त्या केंद्राचे दिवे मी लहानपणी आमच्या छपरावरून मोजत असे.

नातू म्हणाला, ‘‘नाना, आम्ही गंमत म्हणून त्यात झोपलो, आणि ते बाबा त्यात बाई मावेल का ते पाहत होते. मला तिथे काही बोलताच आलं नाही.’’ मी त्याला म्हटलं, ‘‘गंमत करण्यात पाप नाही. झोळी ठेव, जात जा. पण बाबांनी झोळी कशी तपासली ते विसरू नकोस.’’ रंग कुठला, मुठीत मावते का, हे त्यांनी विचारलंच नाही. वजन, टोकं, उतार आणि पाऊस एवढंच पाहिलं. सहा महिने मोबाइल चाळून जे कळलं नव्हतं, ते त्या बाबांच्या चिमटीत होतं.

तो आता मित्रांबरोबर त्या पाड्याकडे पुन्हा जाणार आहे. त्याच्या डिप्लोमातल्या एका सरांना त्याने विचारलं आहे, की दोन माणसांना खांद्यावर नेता येईल, पाठ सरळ राहील आणि चिखलात घसरणार नाही अशी मजबूत डोली करता येईल का? सर म्हणाले, ‘‘करता येईल, पण आधी त्या लोकांना विचारून या.’’ मला हे बरं वाटलं. डोली चांगली झाली म्हणून रस्त्याची मागणी संपत नाही, हेही त्याला सांगून ठेवलं आहे.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा बोईसरला गेलो. मुलगा निघायच्या तयारीत होता. सामान दारात होतं. भाचीने पिशवीतून दोन्ही पट्टे बाहेर काढले, उजेडाकडे धरले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी सावकाश चाचपत नेले. कुठे खरबरीत लागतं का, कुठे शिवण उसवली आहे का. मग घडी करून परत ठेवले. माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘‘मामू, चहा टाकू?’’ मी म्हटलं, ‘‘टाक.’’

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)